मोचा, केळें आणि मोचरस

गेल्या चातुर्मासांत एका स्नेह्यांच्या संग्रहांतील वैद्यकाचें बाड चाळीत असतां अतिसारावरील एका योगांत ‘मोचरस’ हा शब्द आढळला. समासांत निराळ्या हातानें ‘केळीचा रस’ असा अर्थ लिहिलेला होता. त्या टीपकारास हंसण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाहीं; कारण शाळेंत संस्कृत शिकवीत असतां कित्येक वर्षें मीही विद्यार्थ्यांस हाच अर्थ सांगत आलों. मोचरस म्हणजे सांवरीचा डिंक. भावप्रकाशांत तो शाल्मलीचा निर्यास म्हणूनच आला आहे.

घोटाळ्याचें मूळ अमरकोशांत आहे. वनौषधिवर्गांत कदली, वारणबुसा, रंभा, मोचा, अंशुमत्फला व काष्ठीला अशीं केळीचीं नांवें दिलीं आहेत. पण त्याच वर्गांत शाल्मलीसही ‘मोचा’ म्हटलें आहे. ‘कदली’ हा शब्दही निर्धास्त नव्हे. सिंहादिवर्गांत तें एका हरिणजातीचें नांव आहे, आणि कौटिलीय अर्थशास्त्रांत कातड्यांच्या यादींत जी कदली येते तिचा केळीशीं कांहीं संबंध नाहीं.

लोकांच्या तोंडचा शब्द मात्र सरळ राहिला. हेमचंद्रानें 12 व्या शतकांत आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘कदल’ याचें ‘केल’ असें वैकल्पिक रूप सांगितलें आहे. पुढें ‘ल’चा ‘ळ’ होऊन आपली केळ झाली, आणि शके 1212 च्या ज्ञानेश्वरींत ती दृष्टांतास येते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ 1563 त गोव्यास छापला गेला; दक्षिणेंत, गुजराथेंत व बंगाल्यांत या फळास ‘केळी’ म्हणतात, असें तो नमूद करतो. पोर्तुगीज स्वतः त्यास हिंदुस्थानचें अंजीर म्हणत. गोव्यांत केळ्यांच्या गोड वडीस ‘फिगाद’ म्हणतात, तें या नांवाचेंच अपत्य. म्हणून पोर्तुगीज कागदांत ‘फिगु’ दिसतांच अंजीर असें भाषांतर करून मोकळें होऊं नये.

अरबी ‘मौझ’ हा शब्द संस्कृत ‘मोच’ यापासून निघाला असें पुष्कळ भाषाकोविद मानतात. त्या अरबी शब्दावरून लॅटिन ‘मुसा’. लिनीअसनें 1753 त केळीच्या एका जातीस स्वर्गांतील केळ व 1759 त दुसरीस ज्ञात्यांची केळ अशा अर्थाचीं नांवें दिलीं. (या दोन्ही दोन रानटी जातींच्या संकरांतून झालेल्या आहेत, हें सिमंड्स व शेफर्ड यांनीं 1955 त दाखविलें.) ‘ज्ञाते’ आले प्लिनीकडून. हिंदुस्थानांतील ज्ञानी ज्या फळावर राहतात तें ‘पाला’ नांवाच्या झाडाचें, असें त्यानें लिहिलें आहे, व तें झाड केळ होय असें बहुधा धरून चालतात. पण त्याचें वर्णन नीट पाहावें. पान पक्ष्याच्या पंखासारखें, तीन हात लांब व दोन हात रुंद. हें केळीस शोभतें. फळ मात्र सालींतून फुटतें, आणि एका फळानें चार माणसें तृप्त होतात! असें केळें कोणीं पाहिलें आहे? हा फणस होय, आणि तमिळांत फणसास ‘पला’च म्हणतात. दोन प्रवाशांच्या दोन हकीकती एकत्र शिवल्या गेल्या असाव्यात, असें माझें मत आहे.

आपल्या स्वयंपाकघरांतही एक कोडें आहे. चरकानें दुधाशीं विरुद्ध म्हणून जीं फळें सांगितलीं त्यांत मोच आहे. आणि तेथें आंबा, फणस, नारळ अशीं फळेंच चाललीं असल्यानें मोच म्हणजे केळें असेंच घ्यावें लागतें. तरी शिकरण घराघरांत होतें, अवचित पाहुणा आला तर आधीं तेंच होतें. वसईकडील राजेळीचीं सुकेळीं चरकाच्या तावडींतून सुटलीं, एवढेंच.

बाडाच्या मालकांस मोचरसाची हकीकत कळविली. त्यांनीं जुनी टीप न खोडतां तिच्याखालीं पेन्सिलीनें ‘सांवरीचा डिंक’ असें लिहून तारीख घातली आहे.