मुक्या जेवणाऱ्यांचा वांटा

थळच्या बंदरावर पहाटे मासळी उतरूं लागली कीं तिचें पहिलें गिऱ्हाईक मांजर असतें. लिलांव व्हावयाचा असतो, पाट्या भरावयाच्या असतात, बर्फ अजून फुटलेला नसतो. परंतु वाळूवर सांडलेली एखादी मांदेली उचलून तें केव्हांच होडीच्या आडोशाला गेलेलें असतें. कोळीण हटकते, पण मारीत नाहीं. थोड्या वेळानें मासे निवडतांना टाकलेलीं डोकीं आणि कल्ले यांवर कुत्र्यांचा हक्क सुरू होतो. समोर खांदेरी आणि उंदेरी हीं दोन बेटें दिसत असतात.

श्रोतेहो, खांदेरीचा इतिहास आपण शाळेंत शिकलेले आहां. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडाऱ्यानें तेथें तटबंदी आरंभिली, मुंबईकर इंग्रजांनीं गलबतें घालून ती अडविण्याचा यत्न केला, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं सिद्दीनें उंदेरी बळकाविली. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत जे बारा मराठा किल्ले घेतले, त्यांत खांदेरीचें नांव आहे. हा झाला तोफांचा इतिहास. मला आज याच किनाऱ्यावर उभें राहून एक लहानसा इतिहास सांगावयाचा आहे. माणसानें आपल्या चुलीवरच्या अन्नांतून कुत्र्या-मांजरांस काय दिलें, कां दिलें, आणि तें त्यांस मानवलें कीं नाहीं, एवढाच त्याचा विषय.

आपल्याकडे हा वांटा धर्मशास्त्रांत स्पष्ट सांगितलेला आहे. वैश्वदेवाच्या वेळीं गृहस्थानें जे बळी काढावयाचे, त्यांत कुत्र्यांचा भाग आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत कुत्रे, पतित, रोगी, कावळे आणि कृमि यांच्यासाठीं अन्न जमिनीवर हलकेच ठेवावें, असें विधान आहे. या यादींत माणसांना कुत्र्यांच्या पंक्तीस बसविलें आहे, ही गोष्ट आज कोणाही विचारी मनुष्यास टोंचेल, आणि टोंचावी. परंतु त्यांतील ‘हलकेच’ हा शब्द मात्र मला मोलाचा वाटतो. फेंकणें वेगळें आणि ठेवणें वेगळें. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या एका कुत्र्यास त्याच्या भावांनीं मारिलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्यास जीभ लाविली नव्हती. त्याची आई सरमा जाब विचारावयास येते आणि उत्तर मिळत नाहीं तेव्हां शाप देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारांतच अन्नावरून मार खाल्लेल्या एका कुत्र्याची फिर्याद उभी आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

महाराष्ट्रांत या वांट्याला खरा मान दिला तो खंडोबानें. कोळ्यांत जेजुरीच्या खंडोबाची भक्ति मोठी. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, गव्हाचा रोडगा, वांग्याचें भरीत, पातीचा कांदा व लसूण यांचा नैवेद्य होतो, आणि देवाबरोबर असणारा म्हणून कुत्र्यासही त्यांतला घांस मिळतो. खंडोबाचे वाघे कोटंबा नांवाचें भांडें जवळ बाळगतात, आणि कांहीं विधींत त्यांतील अन्न कुत्र्यांप्रमाणें भुंकत खातात. भक्तानें स्वतःस देवाचें कुत्रें म्हणवून घ्यावें, इतकी ही जवळीक. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा तर आजीच्या मांडीवरच आपण ऐकतों. इकडे लोकव्यवहार मात्र म्हणतो कीं कुत्र्याला तूप पचत नाहीं! संताची करुणा मोठी खरी, पण वैद्यकाच्या बाबतींत म्हणच बरोबर आहे. फार स्निग्ध अन्नानें कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येते आणि ती प्राणावर बेतूं शकते.

परंतु कुत्र्याच्या अन्नाविषयीं सर्वांत बारकाईनें विचार कोणी केला असेल, तर तो पारशी लोकांच्या धर्मग्रंथानें. वंदिदादाच्या तेराव्या प्रकरणांत दूध आणि मांसासह चरबी हें कुत्र्याचें योग्य अन्न म्हणून सांगितलें आहे. पंधराव्या प्रकरणांत तर कुत्र्यास फार कठीण हाडें किंवा फार कढत अन्न देणें हें पाप गणलें आहे, कारण हाड दांतांत वा घशांत अडकेल आणि कढत अन्नानें तोंड पोळेल. आजचा पशुवैद्य शिजविलेल्या हाडांविषयीं हेंच बजावतो. शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. पारशी घरांत जेवणापूर्वीं कुत्र्याचा घांस बाजूस काढण्याची चाल होती, आणि अंत्यविधींत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा सगदीद नांवाचा संस्कार आहे. कुत्रें हें त्यांच्या दृष्टीनें या लोकींचें आणि परलोकींचेंही राखणदार.

ही गोष्ट मुंबई सरकारच्या ध्यानांत आली नाहीं, आणि त्यांतून आपल्या किनाऱ्यासमोरच्या त्या शहरांत १८३२ सालीं जो दंगा झाला, तो इतिहासांत कुत्र्यांचा दंगा म्हणूनच ओळखला जातो. उन्हाळ्यांत पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय असे. तें भय खोटें नव्हतें. पाश्चरची लस मनुष्यास प्रथम टोंचली गेली ती १८८५ सालीं. त्यापूर्वीं पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश होऊन रोग जडला म्हणजे मरण ठरलेलें. म्हणून बेवारशी कुत्रीं मारण्याचा नियम होता आणि मारणाऱ्या शिपायांस दर कुत्र्यामागें बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानें शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकतात, अशी लोकांची ओरड होती. जूनच्या पहिल्या आठवड्यांत, ऐन पारशी सणाच्या दिवशीं, पारशी लोकांनीं शिपायांस अडविलें. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं. हिंदु, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यांस मिळाले. कोटांत राहणाऱ्या इंग्रजांकडे जाणारा शिधा रस्त्यांत रोखला गेला. सरकारनें फौज बाहेर काढिली आणि दंगा मोडला.

मला या प्रकरणांत एक गोष्ट विशेष वाटते. कुत्र्याचा घांस हिरावला जातो असें दिसतांच लोकांनीं राज्यकर्त्यांचाच घांस अडवून धरिला. दंग्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई व त्यांचे सहकारी व्यापारी यांनीं मुंबईची पांजरपोळ स्थापिली. मारण्याऐवजीं पोसावें, आणि पोसण्याचा खर्च आपण सोसावा, हा तिचा पाया. भुलेश्वराजवळची ती संस्था अद्याप चालू आहे. पुढें १८७४ सालीं प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्याचा प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईंत निघाली, परळास दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें, आणि १८८६ सालीं पशुवैद्यकाचें विद्यालय सुरू झालें. या सगळ्याच्या मुळाशीं एका घांसाचा वाद आहे असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

याच सुमारास विलायतेंत हा घांस घरच्या चुलीवरून बाजारांत गेला. लंडनच्या रस्त्यांतून घोड्याचें मांस काडीस टोंचून मांजरांसाठीं विकणारे फेरीवाले हिंडत. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें कुत्र्यांसाठीं बिस्किटें काढिलीं. गोदीवर खलाशांनीं टाकलेलीं टणक बिस्किटें कुत्रीं खातांना पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. गव्हाचें पीठ, भाज्या, बीट आणि मांस हे त्यांतले जिन्नस. पुढें डबे आले. १९५७ नंतर यंत्रांतून दाबून फुलविलेले कोरडे दाणे सर्वत्र पसरले. आज तेच दाणे अलिबागच्या दुकानांतही पिशव्या भरून मिळतात. मी त्यांचा शत्रु नाहीं. त्यांत पोषणाचा हिशेब असतो, आणि आपल्या शिळ्यापाक्यांत तो पुष्कळदां नसतो.

मग आपली भाकरी वाईट काय? या प्रश्नास इतिहासानें नव्हे, विज्ञानानें उत्तर दिलें, आणि तें भाकरीच्या बाजूचें आहे. २०१३ सालीं संशोधकांनीं लांडगा व कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हां पिष्ट पचविणाऱ्या द्रव्याचें जनुक लांडग्यांत दोनच प्रती असलेलें, तर कुत्र्यांत त्याच्या कितीतरी अधिक प्रती झालेल्या आढळल्या. माणसाच्या दाराशीं हजारों वर्षें धान्य खाऊन कुत्र्याचें पोटच बदललें. कित्येक घरांत शेवटची भाकरी कुत्र्याची म्हणून थापतात. माझ्या शाळेंतलीं मुलें डब्यांतली चतकोर भाकरी न चुकतां दाराबाहेरच्या कुत्र्यासाठीं राखीत. तीं मुलें कुत्र्याचे लाड करीत होतीं खरीं, पण एका फार जुन्या कराराचा हप्ताही भरीत होतीं. मात्र नुसत्या भाकरीवर कुत्र्याचा निभाव लागत नाहीं. तिच्याबरोबर उकडलेलें अंडें, कांटे काढून शिजविलेली मासळी, थोडा लाल भोपळा असें कांहीं हवें, मीठ-मसाला नको.

मांजराचें तसें नाहीं. तें माणसाजवळ आलें तें धान्यासाठीं नव्हे, धान्याच्या कणगीजवळच्या उंदरांसाठीं. तें आपल्याकडे नोकरीस राहिलें, पण आहार बदलला नाहीं. तें आजही पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं, तें मांसामाशांतूनच मिळावें लागतें. त्याच्या अभावीं मांजर आंधळें होतें हें १९७५ सालीं, आणि त्याचें हृदय निकामी होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. म्हणजे आमच्या कित्येक शाकाहारी घरांत दूधभातावर पोसलेलें मांजर अकालीं आंधळें होई, त्याचें खापर दैवावर फोडण्याचें कारण नव्हतें. त्यांतून पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचतही नाहीं. डोळे मिटून दूध पिणारें मांजर आपल्या भाषेंत अमर झालें आहे, पण त्याच्या पोटाचें पुढें काय झालें तें भाषेनें विचारलें नाहीं.

येथें थळच्या कोळणींचें शहाणपण पाहण्यासारखें आहे. घरच्या मांजरास त्या माशाचीं डोकीं शिजवून, त्याच पाण्यांत थोडा भात कालवून करवंटींत घालतात. टॉरिन पाण्यांत उतरतें. पाणी ओतून दिलें तर तें वायां जातें, कालविलें तर पोटांत जातें. शिवाय कांहीं जातींच्या कच्च्या माशांत ब जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत कच्चे मासे खाऊं घातलेल्या पाळीव कोल्ह्यांना पक्षाघात होऊं लागला, तेव्हां तें उघडकीस आलें. शिजविल्यानें तें द्रव्य नष्ट होतें. कोळणीनें हें कोणत्याही पुस्तकांत वाचलेलें नाहीं. अर्थात् भात अगदीं थोडा आणि मासळी भरपूर, हें प्रमाण उलट झालें कीं शहाणपण संपलें. खाऊ म्हणून सुका जवळा द्यावयाचा तर तो धुऊन, मीठ काढून द्यावा. आणि कोणताही खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा.

आतां ज्या गोष्टींनीं प्रेमानेंच घात होतो, त्या. कांदा आणि लसूण यांनीं कुत्र्याच्या व मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. मांजरास तर थोडाही कांदा बाधतो. द्राक्षें आणि बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बंद पडूं शकतात, म्हणजे सत्यनारायणाचा शिरा पानावरून उचलून दाराबाहेर ठेवण्यापूर्वीं त्यांतले बेदाणे पाहिले पाहिजेत. चॉकोलेट हेंही त्यांस विषच. आमटींत, कालवणांत, भरतांत कांदा-लसूण नाहीं असें मराठी घर विरळा. तेव्हां उरलेलें पान कुत्र्यासमोर सरकविणें आणि त्याचा वांटा काढणें यांत फरक आहे. वांटा फोडणीपूर्वीं काढावा लागतो.

थळ, किहीम, आवास या पट्ट्यांत अलीकडे मुंबईकरांचे पुष्कळ बंगले झाले. शनिवारीं मालक येतात, कुत्र्यांस कोंबडी, पाव, बिस्किटें हौसेनें घालतात आणि रविवारीं सायंकाळच्या बोटीनें परत जातात. सोमवारीं तीं कुत्रीं बंद फाटकापाशीं बसून राहतात, मंगळवारीं कोंबड्यांच्या खुराड्यांकडे वळतात, आणि मग गांवकरी काठी घेतो. १८३२ चा वाद येथें निराळ्या रूपानें पुन्हां उभा राहतो. कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचे नियम २००१ सालीं झाले, २०२३ सालीं नवे आले. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, रस्त्यांवर कोठेंही अन्न न घालतां नेमून दिलेल्या जागींच तें घालावें, आणि पालिकांनीं वॉर्डवार अशा जागा कराव्या, असें सांगितलें. वाद चालूच राहील. माझ्या मतें जागेइतकीच वेळही नेमलेली हवी, आणि जो घालतो त्यानेंच त्या कुत्र्याच्या लसीची तारीखही लक्षांत ठेवावी. आठवड्यांतून एकदां मेजवानी देण्यापेक्षां बंगल्याच्या राखणदाराकडे रोजच्या भाकरीचें पीठ आणि अंडीं ठेवून जावें.

राहतां राहिली चंपाषष्ठी. भरतांत कांदा-लसूण पडावयाचाच, तो देवाचा नैवेद्य आहे. पण रोडगा नुसत्या कणकेचा असतो. कुत्र्यासाठीं त्यांतला एक बाजूस काढून, निवल्यावर, मोडून, दारापाशीं हलकेच ठेवावा.