मेसा व्हर्डे : कड्याच्या कपारीतील गाव

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डे या राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९०६) वालुकाश्माच्या कड्यांवर सुमारे ६०० प्राचीन वास्तू आहेत. ही लेणी नव्हेत. नैसर्गिक कपारींत दगड, माती व लाकूड वापरून प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी बाराव्या-तेराव्या शतकांत ती घरे बांधली. सर्वांत मोठ्या 'क्लिफ पॅलेस'मध्ये सुमारे १५० खोल्या आहेत. १२७६ पासून दीर्घ अवर्षण पडले, हे वृक्षांच्या वलयांवरून कळते. १३०० च्या सुमारास वस्ती दक्षिणेकडे निघून गेली. ती लोप पावली, असे म्हणणे मात्र चूक. होपी, झुनी आदी तिचेच वंशज.

१८८८ मध्ये गुराख्यांनी याचा 'शोध' लावला म्हणतात. यूट लोकांना ही घरे आधीच ठाऊक होती! १८९१ मध्ये नोर्डेनशेल्ड या स्वीडिश संशोधकाने येथील वस्तूंबरोबर मानवी अवशेषही युरोपात नेले. फिनलंडने ते अवशेष २०२० मध्ये परत केले आणि वंशजांनी त्यांचे पुन्हा दफन केले.

मोटारीने सहकुटुंब जाणाऱ्यांनी प्रवेशद्वारापासून घाटवळणांचा तासाभराचा रस्ता हिशेबात धरावा. 'बाल्कनी हाउस'साठी ३२ फुटी शिडी चढावी लागते, अरुंद बोगद्यातून रांगावे लागते. ज्येष्ठांना कड्यावरूनच दर्शन घेऊ द्यावे.