यंत्राला दिलेलं मुखत्यारपत्र : ई-मेलमधल्या ओळखीचा इतिहास

आपल्या नागपुरात इतवारीत किंवा गांधीबागेत कितीतरी पेढ्यांवरून आज टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमधून बिल थेट ग्राहकाच्या ई-मेलवर जातं. मालक खात्याची सुरक्षा वाढवतो, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करतो आणि बिलं जाणं बंद! पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर नाही म्हणतो. आम्हाला वाटतं, याचं उत्तर इतिहासात आहे.

ई-मेल पाठवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. जाळं विद्यापीठांचं आणि संशोधनसंस्थांचं. गाव लहान, दाराला कडी कशाला? मग गाव वाढलं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. १९९९ मध्ये एसएमटीपीला नाव-पासवर्ड विचारण्याची अधिकृत जोड मिळाली. मालकानं आपला पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवला की काम भागायचं.

इथे जरा थांबूया. पासवर्ड म्हणजे ‘तो मीच’ असं सांगण्याचं साधन. तेच यंत्राच्या हाती देणं म्हणजे त्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देणं. तो संगणक चोरीला गेला, की मालकाचं सगळं खातंच चोराच्या हाती.

२०११ मध्ये गूगलनं दुसरा टप्पा आणला : पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड. माणूस तो टाकेल. पण यंत्राच्या खिशात मोबाइल कुठे असतो? म्हणून ‘अ‍ॅप पासवर्ड’ निघाला. सोळा अक्षरांचा, एकेका सॉफ्टवेअरसाठी वेगळा. संशय आला की तेवढाच रद्द करायचा. २०१२ च्या ओऑथ २.० नं पुढचं पाऊल टाकलं : सॉफ्टवेअरला पासवर्ड कळतच नाही, मालकानं मंजूर केलेल्या कामापुरतीच परवानगी मिळते. हे झालं खास मुखत्यारपत्र! ३० मे २०२२ पासून तर गूगलनं वैयक्तिक खात्यांवर अशा सॉफ्टवेअरला मूळ पासवर्डनं आत येणं बंदच करायला घेतलं.

म्हणून बिलं अडली की घाईनं दुसरा टप्पा काढून टाकू नका. त्यानं दार उघडत नाहीच. उलट, अ‍ॅप पासवर्ड मिळतो तो दुसरा टप्पा चालू असतानाच. तो तयार करा आणि सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पासवर्डच्या जागी भरा. आणि हो, मूळ पासवर्ड बदललात तर अ‍ॅप पासवर्डही रद्द होतात. नवा करावा लागतो.

शिवकाळात पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवत. तिच्यापुढे कुणी ओळ वाढवू नये म्हणून. विश्वास दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्याची हद्द आखणं, याला अविश्वास म्हणत नाहीत. हद्द आखली म्हणूनच तर सोपवता येतो, नाही का?