उल्हास खोऱ्यातील पूर (शहापूर–मुरबाड)

ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीला आणि भातसा, काळू, बारवी या तिच्या उपनद्यांना पावसाळ्यात येणारे पूर. कल्याण, बदलापूर, उल्हासनगर पाण्याखाली गेले की या पुरांची बातमी होते. पण त्यातले बरेचसे पाणी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगरउतारांवरून आलेले असते, आणि खालच्या शहरांच्या कितीतरी आधी ते तिथल्या वाड्या-पाड्यांची वाट अडवते.

उल्हास कर्जतकडून येते. भातसा शहापुरातून आणि काळू माळशेजच्या पायथ्याने मुरबाडातून वाहते. या दोन्ही नद्यांचे पाणी खडवली, टिटवाळ्याच्या बाजूने कल्याणजवळ उल्हासला मिळते. कसारा आणि माळशेज घाटांखालचा उतार इतका तीव्र आहे की कड्यावर पडलेला पाऊस काही तासांत नदीत येतो. पुढे जमीन सपाट होते, नदीची खाडी होते, आणि त्याच वेळी समुद्राला उधाण असेल तर पाण्याला वाट उरत नाही. मग कल्याणच्या आसपास पूर फुगतो.

या पुरांमागे चक्रीवादळे असतील असे वाटू शकते, कारण किनारपट्टीच्या शहरावरचे संकट म्हटले की तीच आठवतात. मुंबईच्या बाबतीत ते अंशतःच खरे आहे. १८८२ साली मुंबईत वादळाने लाखभर माणसे मेल्याची कथा अनेक याद्यांत छापली गेली, पण त्या काळच्या नोंदींत तिला आधार नाही. नोव्हेंबर १९४८ चे वादळ मात्र खरे. अलीकडे ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडात शिरले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून समुद्रातूनच गुजरातकडे गेले. अशा वादळांत आतल्या तालुक्यांत पत्रे उडतात, आंबा झडतो, विजेचे खांब पडतात. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस सर्वांत क्रूर, कारण तेव्हा भात कापणीला आलेले किंवा कापून खाचरात पसरलेले असते. भिजलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात आणि पेंढाही कुजतो, म्हणजे माणसाचे आणि गुराचे वर्षाचे अन्न एकदमच जाते.

मोठे पूर मात्र आणले ते मोसमी पावसाने. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला फक्त ७३. ते चक्रीवादळ नव्हते. त्याच पावसात उल्हासकाठची शहरेही बुडाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी येथील ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलले. पहिली घटना देशभर गाजली, दुसरी फारशी कोणाला आठवत नाही. जुलै २०२१ मध्ये कसाऱ्याजवळचे उंबरमाळी स्थानक फलाटापर्यंत पाण्यात गेले. ७ जुलै २०२४ च्या पहाटे भारंगी नदी शहापूर शहरात शिरली आणि गाड्या वाहून गेल्या. आटगाव–तानशेत दरम्यान रुळांवर माती आली, वासिंदजवळ झाड पडले आणि कसारा मार्गावरची रेल्वे खोळंबली.

पूर आला की मुरबाडचा कल्याणशी संबंध रायते पुलावर अवलंबून राहतो, आणि उल्हासचे पाणी चढले की तो पूल बंद होतो. आतल्या भागात तर साधी फरशी किंवा साकव बुडाला तरी पाडा तुटतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांतून आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा तुटलेल्या दिवसांची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. पिकाच्या पंचनाम्यात ३३ टक्के नुकसानीची अट असते. पण बांध फुटून खाचरात वाळू-गोटे बसले, तर ते एका हंगामाचे नुकसान राहत नाही. जमीन पुन्हा लावणीजोगी करायला वर्षे जातात.

धरणांचा प्रश्न याला जोडूनच येतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा, म्हणजे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या हद्दीवरचे बारवी औद्योगिक वसाहती आणि शहरांना पाणी पुरवते. मोसमाच्या सुरुवातीला रिकामे धरण पूर पोटात घेते. भरल्यावर मात्र दरवाजे उघडावेच लागतात आणि सापगाव, खडवलीकडच्या काठांना सावध केले जाते. काळू नदीवर नव्या धरणाचे काम सुरू झाले, पण वनखात्याच्या परवानगीअभावी २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. या धरणाला मुरबाडच्या आदिवासींचा विरोध होता, आणि तो रास्त होता: ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार त्यांच्याच पाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो.

कल्याणला पुराचा इशारा वेळेवर द्यायचा, तर वरच्या भागातल्या टोकावडे, सरळगाव, किन्हवली, डोळखांब इथला पाऊस तासातासाला कळला पाहिजे, आणि तो इशारा आधी त्याच गावांच्या पोलीस पाटलांच्या हाती पडला पाहिजे.