ॲस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा

‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच विनोदी चित्रकथामालेतील सहावे पुस्तक. मूळ फ्रेंच नाव ‘आस्तेरिक्स ए क्लेओपात्र’. लेखक रने गॉसिनी, चित्रकार आल्बेर युदर्झो. ही कथा आधी ‘पिलोत’ साप्ताहिकात 1963–64 मध्ये क्रमशः आली आणि 1965 मध्ये दार्गो प्रकाशनाने तिचे पुस्तक काढले. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांचा इंग्रजी अनुवाद 1969 मध्ये निघाला. मराठी वाचकांना ही पात्रे बहुतांशी इंग्रजी आवृत्तीतून परिचित असल्याने पुढे तीच नावे वापरली आहेत.

इजिप्शियन लोकांचे वैभवाचे दिवस सरले, असे सीझर क्लिओपात्राला हिणवतो. चिडलेली राणी पैज लावते : आपली माणसे तीन महिन्यांत अलेक्झांड्रियात सीझरसाठी भव्य राजवाडा उभारून दाखवतील. काम एडिफिस नावाच्या स्थपतीच्या गळ्यात पडते. वेळेत जमले तर सोन्याने मढवू, नाही तर मगरींच्या तोंडी देऊ, असा राणीचा हुकूम. एडिफिसने बांधलेल्या घरांच्या भिंती तिरक्या आणि दारे न उघडणारी, त्यामुळे तो थेट गॉलमध्ये, म्हणजे प्राचीन फ्रान्समध्ये, जाऊन आपला जुना स्नेही, जादूचा काढा करणारा गेटाफिक्स, याला गाठतो. त्याच्याबरोबर ॲस्टेरिक्स, ओबेलिक्स आणि चिमुकला कुत्रा डॉगमॅटिक्स इजिप्तला येतात. काढा पिऊन मजूर झपाट्याने कामाला लागतात. एडिफिसचा प्रतिस्पर्धी मग दगड पुरवणाऱ्याला फितवतो, पाहुण्यांना पिरॅमिडमध्ये अडकवतो, राणीला विषारी केक पाठवून त्याचा आळ गॉलांवर घेतो. पिरॅमिडच्या अंधारात वाट सापडते ती डॉगमॅटिक्समुळे. मालेत आधीच आलेल्या या कुत्र्याला खरी कामगिरी प्रथम इथे मिळाली. लहानपणी काढ्याच्या कढईत पडल्यामुळे ज्याला पुन्हा काढा मिळत नाही, त्या ओबेलिक्सलाही तिथले दगडी दार फोडण्यासाठी काही थेंब चाखायला मिळतात.

एलिझाबेथ टेलरचा अतिखर्चिक ‘क्लिओपात्रा’ 1963 मध्ये प्रदर्शित झाला होता आणि पुस्तकाचा रोख त्याच्याकडे आहे. चित्रपटाच्या जाहिरातीत खर्चाचे आकडे मिरवावेत तसे मुखपृष्ठावर 14 लिटर शाई, 30 कुंचले, 38 किलो कागद आणि 67 लिटर बिअर लागल्याचे छापले आहे. इजिप्शियन पात्रांचे बोलणे ‘डब’ केलेले असल्याने ओठांच्या हालचाली जुळणार नाहीत, अशी सूचनाही एका चौकटीत मिळते.

पुस्तकाचे खरे वैभव मात्र इतिहासाशी केलेल्या खेळात आहे. गिझाच्या स्फिंक्सला नाक का नाही? दृश्य पाहायला ओबेलिक्स त्याच्या तोंडावर चढतो आणि नाक तुटून खाली पडते. लगेच आसपासचे दुकानदार छिन्नी-हातोडा घेऊन विक्रीच्या छोट्या स्फिंक्सांची नाकेही उडवू लागतात. एका चौकटीत अपघात, दुसरीत बाजारपेठेची तत्परता. युदर्झोच्या रेषेने हे सारे बिनबोलता सांगितले आहे. हे नाक नेपोलियनच्या तोफेने उडवल्याची दंतकथा फार पसरली आहे, पण डॅनिश प्रवासी नोर्डेनच्या 1737 च्या रेखाटनात स्फिंक्स आधीच नकटा दिसतो. क्लिओपात्राच्या नाकाचे कौतुक गेटाफिक्स पुन्हापुन्हा करतो; ते आखूड असते तर जगाचा चेहराच बदलला असता, या पास्कालच्या प्रसिद्ध विचाराची ही खेळकर आठवण. आणि निरोप घेताना ॲस्टेरिक्स राणीला सुचवतो की, पुन्हा काही बांधायचे झाले, उदाहरणार्थ भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडणारा कालवा, तर गॉलांना बोलवावे. सुएझ कालवा 1869 मध्ये फ्रेंच मुत्सद्दी लेसेप्स यांच्या पुढाकाराने खुला झाला, हे शाळेत शिकलेल्या फ्रेंच वाचकाला हा टोला तत्काळ कळतो. अशा जागांमुळेच मुलांना हाणामारी आणि मोठ्यांना इतिहास, असे दोन्ही वाचक एकाच पानावर रमतात.

या कथेवर गॉसिनी आणि युदर्झो यांनीच दिग्दर्शित केलेला कार्टूनपट 1968 मध्ये आला. आलँ शाबा यांचा 2002 चा चित्रपट, ज्यात ओबेलिक्स जेरार दपार्द्यू, क्लिओपात्रा मोनिका बेलुची आणि एडिफिस जामेल देबूझ होते, फ्रान्समध्ये 1 कोटी 40 लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला.