मागे घे, परत दाखव! दोन सेकंदांच्या विनोदांचा इतिहास

आजचा एपिसोड सुरू करण्याआधी एक छोटं काम. स्पीड दीडपट ठेवला असेल तर आज जरा एकवर आणा. मी स्वतः सगळं दीडपट वेगाने ऐकणारा माणूस आहे, ऑफिसच्या मीटिंगचं रेकॉर्डिंगसुद्धा. त्यामुळे हा उपदेश नाही. पण आजचा विषयच असा आहे, की घाई केली तर तो निसटतो.

विषय आहे सिनेमातले अगदी बारीक विनोद. मोठी धडपड, पाठलाग, तोंडावर केक वगैरे नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन सेकंद काहीतरी होतं, आपलं लक्ष नसतं, आणि ज्याने पाहिलं तो एकटाच फुटतो, तसले विनोद. हे शोधायला मला शिकवलं ते माझ्या आजोबांनी.

आमचे अप्पा भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वाफेच्या इंजिनांचा काळ. हातोड्यांच्या आवाजात आयुष्य गेलं आणि त्यातच कान गेले. श्रवणयंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडून असतं. घरात कुणी विनोद केला, सगळे हसले, की अप्पा विचारायचे, "काय झालं?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही अप्पा, असंच." तीनदा ओरडून सांगितलेला विनोद विनोद राहत नाही ना, म्हणून. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

मागच्या दिवाळीत टीव्हीवर कॉमेडी शो चालू होता. आम्ही सगळे हसत होतो, अप्पाही हसत होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की ते टीव्हीकडे बघतच नव्हते. आमच्या तोंडांकडे बघत होते. आम्ही हसलो की अर्ध्या सेकंदाने ते हसायचे. किती वर्षं हे असं चाललं होतं, कुणास ठाऊक.

त्या रात्री मी विचार केला, ज्या सिनेमात कुणालाच काही ऐकू येत नाही, तो लावू या. मूकपट!

सुरुवात अगदी पहिल्यापासून केली. २८ डिसेंबर १८९५. पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेच्या तळघरात लुमिएर बंधूंनी तिकीट लावून दहा छोटे चित्रपट दाखवले. प्रत्येक जेमतेम मिनिटभराचा. (याच लुमिएरांचा माणूस पुढच्या वर्षी ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ घेऊन आला. काळा घोड्याजवळ ती इमारत आजही उभी आहे.) पॅरिसच्या त्या दहांमध्ये एक होता माळ्याचा. जगातला पहिला विनोदी चित्रपट म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात.

गोष्ट अशी. माळी नळीने झाडांना पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावून बघतो. पोरगा पाय उचलतो. फवारा थेट चेहऱ्यावर, टोपी उडते. मग माळी पोराला पकडून फटके देतो. संपला सिनेमा.

मी हसलो आणि पुढचा लावायला बोट उचललं. अप्पा म्हणाले, "थांब. मागे घे." मी मागे घेतलं. "हा बघ. पोरगं तिकडे लांब पळालं. मग ह्याने तिथेच का नाही हाणलं? ओढत ओढत इथवर कशाला आणलं?"

मी परत पाहिलं आणि मला खुदकन हसू आलं. खरंच! पोरगा पळत पळत पडद्याच्या कडेपर्यंत जातो. माळी तिथे त्याला पकडतो, आणि मग शिस्तीत ओढत कॅमेऱ्यासमोर आणून मारतो. कारण कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवलेला होता, तो वळवायची तेव्हा पद्धत नव्हती. पोरगा चौकटीबाहेर गेला असता तर फटके कुणाला दिसणार? माळ्याचं काम करणारा फ्रान्स्वा क्लेर हा लुमिएरांच्या घरचा खराखुरा माळी होता, नट नव्हे. भिजलेला, चिडलेला, तरीसुद्धा 'प्रेक्षकांना दिसलं पाहिजे' हे त्याच्या डोक्यात पक्कं! लिहिलेला विनोद पाण्याच्या फवाऱ्याचा होता. १३० वर्षांनी आम्ही हसलो ते या ओढण्याला.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट. त्या खेळाच्या तीनेक महिने आधी, ४ ऑक्टोबर १८९५ ला, अमेरिकेत कॅन्सस राज्यात एक मुलगा जन्मला. बस्टर कीटन. आईवडील फिरत्या रंगमंचावरचे कलाकार. खेळात वडील या मुलाला अक्षरशः उचलून फेकायचे, आणि लोक हसायचे. मुलाच्या लहानपणीच लक्षात आलं, की आपण स्वतः हसलो तर लोक कमी हसतात. तोंड कोरं ठेवलं तर जास्त. तोच कोरा चेहरा पुढे जगभर गाजला.

आणि हे मला नंतर वाचताना कळलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, कीटन सैनिक म्हणून फ्रान्सला गेला होता. तिथे कानाला संसर्ग झाला आणि त्याची श्रवणशक्ती कायमची अधू झाली. त्याने आपले सगळे मोठे मूकपट केले ते त्यानंतर. त्यामुळेच तो बारीक नजरेचा झाला असा दावा मी करणार नाही. पण अप्पांना हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

तर दुसऱ्या रात्री मी 'द जनरल' लावला. १९२६ चा चित्रपट. निवडायचं कारण एकच, त्यात वाफेची इंजिनं आहेत. पार्श्वभूमी अमेरिकेच्या यादवी युद्धाची. १८६२ मध्ये खरोखर घडलेल्या एका इंजिनचोरीवर तो बेतलाय. एक गोष्ट आधीच सांगतो. यातला हिरो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे आणि चित्रपट त्याबद्दल एक अक्षर काढत नाही. आज ते खटकतं, खटकायलाच हवं.

हिरो जॉनी इंजिन ड्रायव्हर. सैन्यात भरती व्हायला जातो, नकार मिळतो. कारण ड्रायव्हर म्हणूनच त्याचा उपयोग जास्त. पण हे कारण त्याला कुणी सांगतच नाही. प्रेयसीला वाटतं, हा घाबरला. ती म्हणते, गणवेश घातल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस. बिचारा आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्यावर जाऊन बसतो. दुःखात बुडालेला. तेवढ्यात कुणीतरी इंजिन सुरू करतं. चाकं फिरतात, दांडा वर-खाली होतो, आणि दांड्याबरोबर जॉनीही. वर, खाली. वर, खाली. त्याला पत्ताच नाही! इंजिन शेडच्या अंधारात शिरता शिरता त्याला कळतं.

जेमतेम काही सेकंदांचा प्रसंग. मी हसत होतो. अप्पा हसले नाहीत. ते खुर्चीतून पुढे सरकले आणि ओरडले, "अरे, मरेल ना हा!"

मी फोनवर थांबवलं. मग त्यांनी हाताने करून दाखवलं. उभं इंजिन हलवताना ड्रायव्हरने वाफ जरा जास्त सोडली, तर चाकं रुळावर धरत नाहीत. जागच्या जागी गरगर फिरतात. त्याला ते म्हणाले, 'स्लिप होणं'. तसं झालं तर साइड रॉडवर बसलेल्या माणसाचं काय होईल? "आमच्याकडे इंजिन जिवंत असताना त्या रॉडला कुणी हात लावत नव्हतं, आणि हा त्यावर बसून रडतोय!"

नंतर मी शोधलं. कीटनने मुलाखतीत सांगितलंय, की त्या इंजिनाच्या ड्रायव्हरला नेमकी हीच भीती होती. वाफ थोडी जरी जास्त झाली आणि चाक गरकन फिरलं, तर जीव जाईल. तरी तो बसला. कॅमेऱ्याची युक्ती नाही, बाहुला नाही, खरं इंजिन, खरा माणूस. याच चित्रपटात पूल कोसळून इंजिन नदीत पडतं, तो मूकपटांच्या काळातला सर्वांत महागडा शॉट मानला जातो. अप्पांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "वाया घालवलं इंजिन," एवढंच म्हणाले. रॉडचा प्रसंग मात्र तीनदा मागे घ्यायला लावला. तिसऱ्यांदा ते हसले. आणि या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

पुढे आजीही दारात येऊन उभी राहिली. तेव्हा पडद्यावर जॉनी आणि त्याची प्रेयसी ॲनाबेल इंजिनातून पळतायत, मागे शत्रू, भट्टीत लाकडं टाकायची घाई. ॲनाबेल काय करते? झाडू घेऊन इंजिनाचा केर काढते! आजी म्हणाली, "बरोबरच आहे तिचं, केवढा कचरा केलाय." मग ॲनाबेल एक ओंडका उचलते, त्याला भोक आहे म्हणून फेकून देते, आणि एक इवलंसं लाकूड भट्टीत टाकते. वैतागलेला जॉनी टोमणा म्हणून तिला काडीएवढी ढलपी देतो. ती तीही मन लावून भट्टीत घालते. तो क्षणभर तिचा गळा धरतो, आणि दुसऱ्या क्षणी मुका घेतो. सगळं इतक्या झटपट, की आजीसाठी परत मागे घ्यावं लागलं.

हे जमतं कसं? त्यामागे कीटनचा एक हट्ट होता. तो कॅमेरा लांब ठेवायचा, पूर्ण माणूस आणि पूर्ण जागा दिसेल असा. उगाच तुकडे पाडायचा नाही. मूकपटात मधेमधे मजकुराच्या पाट्या यायच्या. तो सांगायचा, इतरांच्या चित्रपटात सरासरी २४० पाट्या असत, माझ्यात जास्तीत जास्त ५६. म्हणजे 'इकडे बघा, आता हसा' असं सांगणारं कुणी नाही. आज रीलमध्ये लाल बाण येतो, चित्र थांबतं, हसण्याचा आवाज येतो. कीटन गंमत समोर ठेवायचा आणि आपलं काम करत राहायचा. शोधायचं काम तुमचं.

सर्वांत बारीक नमुना 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या १९२८ च्या चित्रपटात आहे. घराची अख्खी भिंत अंगावर कोसळते आणि खिडकीच्या जागेत उभा असल्याने कीटन वाचतो, तो प्रसिद्ध प्रसंग यातलाच. तो क्लिप म्हणून तुमच्यापर्यंत कधीतरी आला असेल. पण त्याआधी एक टोप्यांच्या दुकानाचा प्रसंग आहे. वडील मुलाला नवी टोपी घ्यायला आणतात. दुकानदार एकामागून एक टोप्या त्याच्या डोक्यावर ठेवतोय. कॅमेरा म्हणजेच आरसा, कीटन सरळ आपल्याकडे बघतोय.

आता हे माहीत असायला हवं, की कीटनची ओळख म्हणजे एक चपटी टोपी. ती तो स्वतः बनवायचा, मोठी हॅट कापून आणि साखरेच्या पाण्याने कडक करून. तर त्या सगळ्या टोप्यांमध्ये क्षणभर तीच टोपी त्याच्या डोक्यावर येते. तो दचकतो आणि झटकन काढून टाकतो. 'अरे बापरे, ओळखलं तर नाही ना कुणी?' असा चेहरा. बस्स. तुम्ही त्या क्षणी मेसेज बघत असाल, तर गेला विनोद. मी दोनदा हा सिनेमा पाहून तो चुकवला होता. अप्पांनी पहिल्या फेरीत पकडला. त्यांनी ती टोपी आधीच बघून ठेवली होती!

या बारकाव्यांची किंमत कीटनला मोजावी लागली. 'द जनरल' तेव्हा चालला नाही. समीक्षकांनाही फारसा आवडला नाही. १९२८ मध्ये तो एका मोठ्या स्टुडिओच्या नोकरीत गेला आणि चित्रपटांवरचा ताबा हातातून गेला. पुढे बरीच वर्षं हलाखीची. १९६६ मध्ये तो वारला, पण त्याआधी लोकांनी त्याचे चित्रपट पुन्हा शोधून डोक्यावर घेतलेले त्याने पाहिले. १९८९ मध्ये अमेरिकेने जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांची पहिली यादी केली. २५ नावं होती. त्यात 'द जनरल' होता. म्हणजे मागे घेऊन परत बघणारे लोक मिळाले, फक्त वेळ लागला.

मी पुण्याला परत आलोय. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. पूर्वी तो दोन मिनिटांचा असायचा, "जेवलास का?" आणि "ठेवू का?". आता अप्पांच्या हातात एक चिठ्ठी असते. आठवडाभरात पाहिलेल्या सिनेमातली मिनिटं आणि सेकंद त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेले असतात. मी तिथे जाऊन बघायचं आणि काय दिसलं ते मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचं. मागच्या रविवारी मला काहीच सापडलं नाही. मी विचारलं, "काय आहे अप्पा तिथे?"

ते गालात हसले आणि म्हणाले, "काही नाही, असंच."

तेव्हा मंडळी, आज घरी कुणी "काय झालं?" विचारलं, तर ओरडून का होईना, सांगा. आणि तुम्हाला सापडलेला असा एखादा दोन सेकंदांचा क्षण मला जरूर कळवा, मिनिट-सेकंदासकट. मी अप्पांच्या चिठ्ठीशी ताडून बघतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!