देवीची लस आणि म्हैसूरची मुले

देवी हा मुख्यतः मुलांचा रोग होता. एकदा येऊन गेलेल्याला तो सहसा पुन्हा होत नसे. त्यामुळे दर काही वर्षांनी नवी साथ आली की मधल्या काळात जन्मलेली मुले तिला सापडत. जी वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींचे डोळे जात. राजवाडेही यातून सुटले नव्हते. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांचे वडील १७९६ मध्ये देवीनेच गेले.

लस येण्यापूर्वी लोक हातावर हात धरून बसले होते असे नाही. आजाऱ्याच्या फोडातला पू निरोगी मुलाच्या कातडीत टोचायचा किंवा वाळलेल्या खपल्यांची पूड नाकात घालायची, ही जुनी रीत होती. बहुतेकांना सौम्य देवी येऊन संरक्षण मिळे. पण येत ती खरीखुरी देवीच, आणि अशा मुलापासून शेजारच्या घरात साथ पसरू शके. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायींना होणाऱ्या सौम्य देवीचा उपयोग दाखवला आणि हा धोका टळला.

मात्र ही लस इंग्लंडहून हिंदुस्थानात आणायची कशी? दोऱ्यात भिजवून किंवा काचेत बंद करून पाठवलेली लस उष्ण हवेत निकामी होई. टिकायची ती माणसाच्या दंडावर. टोचलेल्या जागी सुमारे आठव्या दिवशी फोड भरे. त्यातला द्रव काढून लगेच दुसऱ्या मुलाला टोचायचा, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याला. ठरलेल्या दिवशी मूल मिळाले नाही, तर साखळी तुटली. १८०३ मध्ये स्पेनने बावीस मुले जहाजावर घेऊन ही लस अशीच अमेरिकेला नेली. हिंदुस्थानात ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉलला ती लागू पडली, आणि तिच्या दंडावरून घेतलेली लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. अॅनाचे नाव कागदोपत्री राहिले. तिच्यानंतर ज्यांच्या दंडांवरून लस गावोगाव सरकली, त्यांतली बहुतेक मुले निनावीच आहेत. या सगळ्या कामाचा भार खरे तर त्यांनीच वाहिला.

म्हैसूर प्रांतात अबे द्युब्वा या फ्रेंच मिशनऱ्याने १८०३-०४ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. तरी धास्ती होतीच. देवी म्हणजे देवीचा कोप, तिच्या वाटेत आडवे कसे जायचे? शिवाय कुणा परक्या जातीच्या मुलाच्या फोडातला द्रव आपल्या लेकराच्या अंगात जाणार, हे अनेकांना पटत नव्हते. जुनी टोचणी करणाऱ्यांच्या पोटावरही पाय येत होता.

अशा वेळी राजघराणे पुढे आले. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर पाच वर्षांच्या कृष्णराजांना गादीवर बसवले गेले. त्यांची आजी लक्ष्मम्मण्णी आणि देशस्थ ब्राह्मण दिवाण पूर्णय्या यांचा राज्यात शब्द चाले. कृष्णराजांची वधू देवजम्मण्णी लग्नासाठी दरबारात आली ती १८०५ मध्ये, जेमतेम बारा वर्षांची असताना. तिने लस टोचून घेतली, आणि ते पाहून लोक पुढे येऊ लागल्याची नोंद जुलै १८०६ च्या कागदपत्रांत आहे.

त्याच सुमारास टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने तीन स्त्रियांचे एक तैलचित्र रंगवले. त्या नर्तकी असाव्यात असा बराच काळ समज होता. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी त्या म्हैसूरच्या राजस्त्रिया असल्याचे मांडले. उजवीकडच्या तरुणीने, म्हणजे त्यांच्या मते देवजम्मण्णीने, पदर सारून दंड जिथे उघडा केला आहे, तिथेच लस टोचत. डावीकडच्या राणीच्या नाकाखाली आणि ओठांभोवती त्वचेचा रंग फिकटलेला दिसतो. चॅन्सेलर त्याचा संबंध नाकावाटे दिलेल्या जुन्या टोचणीशी लावतात. हे वाचन मान्य केले, तर जुनी आणि नवी रीत एकाच चित्रात शेजारी शेजारी बसली आहे. अंतःपुरातल्या स्त्रीने परक्या चित्रकारासमोर दंड उघडा करणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, आणि आजीच्या संमतीवाचून ती घडलीही नसती.

दंडावरून दंडावर लस नेण्यात एक खोट होती: ज्याच्याकडून द्रव घेतला त्याचा उपदंशासारखा रोगही सोबत जाऊ शके. मुलांना फोड फोडून द्रव काढण्याचा त्रास होई, तो वेगळाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासरांच्या आणि रेडकांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रुळली, आणि लस जिवंत ठेवण्यासाठी मुलांची गरज उरली नाही.